ठाण्यातली शिलाई मशीन

चोरीला गेलेली वस्तू पोलिसांना सापडली की ती आपली राहत नाही, ती मुद्देमाल होते. हे मला सतराव्या वर्षी कळलं, आणि ज्यांनी ते शिकवलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी निवळले नाही. माझ्या दुकानात गणवेश घ्यायला येणाऱ्या शाळांच्या संचालकांना विचारा, कापडाच्या ठोक व्यापाऱ्यांना विचारा. बाई फार तोंडाची आहे, हेच सांगतील. ते तोंड कुठे तयार झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे. माझ्या आईबद्दल एक खोटी गोष्ट छापून आलेली आहे आणि ती कोणी दुरुस्त केलेली नाही, म्हणूनही.

गोंदियात रेल्वे लाइनच्या पलीकडे, एका राईस मिलच्या भिंतीला लागून आमची वस्ती होती. दोन खोल्यांचं घर. पहाटे मिलचा भोंगा वाजला की बाबा खांद्यावर पोतं टाकून निघत. ते तिथे हमाल होते. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान शिजायला लागलं की त्याचा आंबूस, गरम वास भिंत ओलांडून आमच्या अंथरुणात यायचा. मागून मालगाडीचे डबे जोडल्याचे धक्के ऐकू यायचे, आणि या सगळ्याच्या वर आईची मशीन. बाहेरच्या खोलीत, दारासमोर, उजेडात ती ठेवलेली असे. पायाची, काळी, अंगावर सोनेरी वेल असलेली. आई जिथे तळहात टेकवायची तिथली वेल पुसून गेली होती. ती मशीन तिनं एका म्हाताऱ्या शिंप्याकडे दोन वर्षं काजं-बटणं करून मिळवली होती. तो रायपूरला मुलाकडे गेला तेव्हा ठरल्याप्रमाणे मशीन आईला देऊन गेला. आमच्या घरात कोणी दिलेली, वाटलेली, दान आलेली अशी एकही वस्तू नव्हती. हे मुद्दाम सांगते.

आई कमी बोलायची. चुलीवर भात, लाखोळीची डाळ, कधी कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या. सकाळी दहाच्या आत स्वयंपाक आटपून ती मशीनवर बसली की दिवेलागणीपर्यंत तिचा आवाज म्हणजे मशीनचा आवाज. वस्तीतल्या बायकांची पोलकी, पोरींची झंपरं, बुद्धपौर्णिमेच्या आधी पांढऱ्या कपड्यांचा ढीग. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं तिला जमत नसे, म्हणून बाराव्या वर्षापासून ते काम मी घेतलं. मी उंबऱ्यावर बसायची आणि तारखा ठरवायची. शेजारची इंदूमावशी म्हणायची, "काऊन वं सुमे, तुही माय चूप अन् तूच बोलून राहिली?" मी म्हणायची, "मायचे हात चालतात, माह्यं तोंड चालते. वाटून घेतलं आम्ही."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. कामठ्याला आत्याकडे आम्ही दोन दिवस मंडईला गेलो होतो. परत आलो तर कुलूप कडीला लटकलेलं आणि दार उघडं. आतली भांडी जागेवर होती. मशीन नव्हती. जमिनीवर तिच्या पायांचे चार खळगे तेवढे होते. आई खाली बसली आणि एका खळग्यात बोट घालून बघत राहिली, जणू खोल कुठेतरी ती सापडेल. मग उठून तिनं न शिवलेली कापडं घड्या घालून गोळा केली आणि घरोघरी परत नेऊन दिली. कोणाला काय झालं ते सांगितलंही नाही. सगळं मीच ओरडून सांगितलं.

श्रेय द्यायला मी कंजूष नाही. पोलिसांनी मशीन तीन आठवड्यांत शोधली. एका भंगारवाल्याच्या गोदामात, चोरीच्या सायकली आणि पाण्याच्या मोटारींच्या मागे ती उभी होती. मी आणि बाबा ठाण्यात गेलो, मशीन ओळखली. तिच्या चाकाला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर लाखेचं सील. मी तिला हात लावायला गेले तर बिसेन हवालदार म्हणाले, "बेटा, टच मत कर. मुद्देमाल आहे तो."

बिसेन हवालदारांकडे मुद्देमालाच्या खोलीच्या चाव्या असत. गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्यामुळे बोलताना मान वर करावी लागे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यासारख्या वाईट नसलेल्या माणसांनीच मला आयुष्यात सर्वांत जास्त फेऱ्या मारायला लावल्या आहेत. ते म्हणाले, "कोर्टाचा ऑर्डर लागते. ऑर्डरबिना यातला एक खिळा देऊ शकत नाही." ऑर्डर कधी येईल? "येईल ना. कोर्ट कहीं भागा थोड़ी जा रहा है."

तोवर आई मिलमध्ये झाडायला जाऊ लागली. कोंडा उडतो तिथे. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवया पिवळट झालेल्या असत आणि रात्रभर खोकला. शिवणारी बाई झाडू मारत होती, आणि तिची मशीन ठाण्याच्या मागच्या खोलीत कोळ्यांना जाळी करायला जागा देत उभी होती. मी आठवड्यातून तीनदा कॉलेजातून येताना ठाण्यात जायची. आईचा खोकला थांबवायचा तर मशीन घरी यायला हवी होती. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

जानेवारीत पोलीस सप्ताह आला. ठाण्याच्या आवारात मंडप पडला. शहरातल्या नागरिकांशी पोलिसांचं नातं घट्ट व्हावं म्हणून आठ दिवस कार्यक्रम: शाळकरी पोरांना बंदुकांचं प्रदर्शन, वाहतुकीच्या नियमांवर चित्रकला स्पर्धा, कॉलेजच्या मुलींना स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिकं, आणि शेवटच्या दिवशी महिलांसाठी मार्गदर्शन व चोरीस गेलेला माल मूळ मालकांना सन्मानाने परत करण्याचा सोहळा. हा शेवटचा फलक मी वाचला आणि थेट बिसेन हवालदारांपुढे जाऊन उभी राहिले.

"परत द्यायला काय काय आहे तुमच्याकडे?"

"ऑर्डर आलेला माल कमी आहे. दोन सायकली, एक मोटर, एक पितळेचा हंडा."

"फोटोत हंडा काय दिसणार? आमची मशीन ठेवा. झेंडूचा हार घातला की स्टेज भरून जाईल."

त्यांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मला दिसलं, माल त्यांना पटला आहे.

"तू बायका आणशील का? महिला मार्गदर्शनाला खुर्च्या खाली राहिल्या तर साहेब माझं मार्गदर्शन करतात."

"वीस आणते."

"तीस."

"पंचवीस. आणि भाषण संपेपर्यंत एकही उठणार नाही."

"चल," ते म्हणाले, "स्टेजपर तेरी माँ."

मी उड्या मारत घरी गेले. सतरा वर्षांची पोर आणि सरकारी माणसाशी सौदा करून आले होते! पुढे मी मोठमोठे सौदे केले, सुरतेच्या व्यापाऱ्याला रडवलं, पण त्या दिवसाइतकी खूश कधी झाले नाही. आणि त्या दिवसाइतकी मूर्खही कधी ठरले नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिली गोष्ट हीच सांगते: सौदा पटला की आधी विचार, माल कुठे पोहोचवून देणार? मी स्टेज मागितला. घर मागायला विसरले.

मी पंचवीस सांगितल्या होत्या, सत्तावीस नेल्या. मिलमधल्या बायकांनी एक पाळी बुडवली. नव्या साड्या, केसांत गजरे, लग्नाला निघाल्यासारख्या. इंदूमावशी बंदुकांच्या टेबलापाशी थांबली आणि तिथल्या शिपायाला म्हणाली, "काऊन गा भाऊ, याचा आवाज काढून दाखव ना. आमच्या छपराच्या कवेलूवर माकडं लय नाचतात." शिपाई हसला. सगळेच हसले. दिवस चांगला होता. कोणीतरी मोठे पाहुणे आले, बँड वाजला, महिलांनी घाबरू नये, पोलीस त्यांचे भाऊ आहेत, असं पाऊण तास भाषण झालं आणि माझी एकही बाई उठली नाही.

मग आईचं नाव पुकारलं. मशीन स्टेजच्या मधोमध होती, पुसलेली, हार घातलेली. पाहुण्यांनी आईच्या हातात नारळ दिला आणि तिचा दुसरा हात धरून मशीनवर ठेवला. फोटो निघाला. आईचा तळहात बरोबर पुसलेल्या वेलीवर टेकलेला मी खालून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा फार कमी वेळा पाहिलं. स्टेजच्या पायऱ्यांपाशी मडावी नावाची तरुण महिला शिपाई रजिस्टर घेऊन उभी होती. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कर सही." आई सही करायची म्हणजे कागदावर सावकाश पाच टाके घालायची. तिनं घातले. मी वाचलं नाही. ज्या पोरीनं पोलक्याच्या अस्तरावरून बायकांशी भांडण केलं असतं, तिनं पोलिसांच्या रजिस्टरातली ओळ वाचली नाही.

बाबा बाहेर ठेला आणि दोरी घेऊन थांबले होते. ठेल्यावर त्यांनी मिलमधून आणलेली पोती अंथरली होती, मशीनला ओरखडा पडू नये म्हणून. पाहुण्यांची गाडी गेली, आणि दोन शिपायांनी मशीन उचलली. आम्हाला वाटलं, ठेल्यापर्यंत आणून देत आहेत. बाबांनी दोरी सोडली. शिपाई उलट्या दिशेला वळले आणि मागच्या खोलीत गेले. कुलूप लागलं. हार तेवढा पायरीवर पडला.

"हे काय?" मी बिसेन हवालदारांना विचारलं.

"ऑर्डर कुठे आला आहे, बेटा? सोमवारी बघू."

"मग आज काय केलं?"

"आज प्रोग्राम केला."

बाबांनी रिकामा ठेला वळवला. आई नारळ हातात धरून त्यांच्या मागून चालली. मी फाटकात उभी राहून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही; माझ्या सत्तावीस बायकांनी मला ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली मजकूर: गरीब विधवेचे अश्रू पोलिसांनी पुसले. मिलमधल्या हमालांनी तो पेपर बाबांपुढे धरला. "काऊन गा, तू मेला कवा? सांगाचं तरी, खांदा देले आलो असतो." बाबा हसले, पण जेवताना ताटात बघून म्हणाले, "मी मेलो ते चालन वं. मशीन त आली पायजे होती." आणि फोटो बघून बायका पुन्हा कापडं घेऊन दारात यायला लागल्या. मशीन आली ना, पेपरात आहे! पेपरात आलेलं खोटं कसं असेल? आई पुन्हा घड्या घालून एकेकीला परत द्यायची. पहिल्यांदा तिला दुःख झालं होतं. या वेळी तिला लाज वाटत होती, आणि लाज तिनं का वाटून घ्यावी, हे मला अजून कळलेलं नाही.

सोमवार आला आणि गेला. कोर्टातला बाबू म्हणाला, ठाण्याचा अहवाल आण. ठाण्यात गेले तर तोवर साहेब बदलून गेलेले. नव्या साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि आईची सही दाखवली. वस्तू मिळाली, तक्रार नाही.

"दिलेली वस्तू पुन्हा कशी देणार?" ते म्हणाले.

"ती आत आहे, साहेब. त्या खोलीत."

"कागदावर ती तुमच्या घरी आहे."

"मग आत आहे ती कोणाची?"

साहेबांनी बिसेन हवालदारांकडे बघितलं. हवालदारांनी छताकडे बघितलं. साहेब म्हणाले, "चौकशी करतो." ठाण्याच्या भिंतीवर नागरिकांच्या सूचनांसाठी एक लाल पेटी होती, तीही त्याच पोलीस सप्ताहात लावलेली. मी तिच्यात रोज एक चिठ्ठी टाकायला लागले. पेटी गच्च भरली, माझी चिठ्ठी बाहेर लोंबायला लागली, तेव्हा हवालदार दबक्या आवाजात म्हणाले, "बेटा, कागज मत खराब कर. पेटी की चाबी पहले वाले साहब के पास रह गई."

मी ओरडून थकले तेव्हा एके दिवशी आई उठली. मिलला गेली नाही. कापडांचं गाठोडं, कात्री, दोऱ्याचे रीळ घेतले आणि ठाण्यात जाऊन मुद्देमालाच्या खोलीसमोर खाली बसली. मी मागून धावत गेले. दुपारपर्यंत ती बसून होती. बिसेन हवालदार तीनदा म्हणाले, ऑर्डर नाही. तिसऱ्यांदा आई बोलली.

"न्याचं नाई म्हणता ना? नाई नेत. मंग इथंच शिवू द्या."

"इथं? ठाण्यात?"

"मशीन कोठी नाई जात. मीच येतो."

हवालदारांनी विचार केला. मशीन बाहेर न्यायला मनाई करणारा नियम त्यांना पाठ होता. मशीन चालवायला मनाई करणारा नियम त्यांना आठवेना. शिवाय कागदावर ती तिथे नव्हतीच, मग नसलेल्या मशीनवर बसू नको असं कोणत्या तोंडानं सांगणार? मडावी शिपाईण पुढे झाली. ती चिचगडकडची, जंगलपट्टीतली. कोणाला फार बोलायची नाही. तिनं चाव्या घेतल्या, कुलूप काढलं आणि म्हणाली, "बसा काकू. पण आत अंधार आहे, व्हरांड्यात काढून देतो." दोघींनी मशीन उचलली. मागच्या व्हरांड्यात, महिला समुपदेशनाच्या खोलीच्या दाराशी ती ठेवली. मडावीनं बाटलीतलं तेल आणून घातलं. दोन-तीन पायडल कोरडे गेले आणि मग तो आवाज आला. मी तिथे रडले. आई नाही. ती एका झंपराची बाही लावत होती.

त्यानंतर उरलेलं वर्षभर माझी आई रोज अकराला ठाण्यात जात असे आणि पाचला घरी येत असे. बायका कापडं घेऊन ठाण्यात यायच्या. वस्तीत थट्टा सुरू झाली, "माप देले चाललो, दोन तास नाई आलो त जमानत घेऊन ये." शिपाई लोक बटणं तुटलेले शर्ट आणून ठेवू लागले. मी भडकले. "फुकट लावून देतेस?" आई म्हणाली, "बटनाचं काय मागू वं?" मी बिसेन हवालदारांना गाठलं आणि ठरवून टाकलं: बटण फुकट, पण वर्दी ढिली-घट्ट करायची तर सगळ्यांसारखा भाव आणि सगळ्यांसारखी रांग. ते म्हणाले, "तू लड़की नाही, वसुली आहे."

त्या समुपदेशनाच्या खोलीत नवऱ्यानं मारलेल्या, घरातून हाकललेल्या बायका यायच्या, रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सर्वांत जास्त. आत टेबल होतं, खुर्च्या होत्या, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशन करणाऱ्या मॅडम. बाकीचे पाच दिवस बाया बाकावर बसून राहायच्या. आई त्यांच्या हातात कापडाचं टोक द्यायची. "धरून ठेव जरा." बाई टोक धरायची, आई शिवायची, आणि चार-पाच शिवणी झाल्या की बाई बोलायला लागायची. आई काही सल्ला देत नसे. फाटलेलं पोलकं असेल तर मागून घ्यायची, शिवून द्यायची, आणि मडावीला डोळ्यानं खूण करायची: हिचं लिहून घ्या. मडावीनं मला नंतर सांगितलं, टेबलाशी ज्या बाया तोंड उघडत नव्हत्या त्यांचे जबाब मशीनपाशी झाले. मला तेव्हा या सगळ्याचा संतापच यायचा. मशीन ठेवून घेतली, आता बाईही ठेवून घेतली.

पुन्हा जानेवारी. पुन्हा मंडप. या वेळी स्टेजच्या मागे मोठा फलक: महिला स्वयंरोजगार उपक्रम. फलकावर आईचा फोटो, मशीनवर वाकलेली. मी तो दोनदा वाचला. नव्या साहेबांनी चौकशी केली होती, आणि चौकशीतून हा उपक्रम निघाला होता! आईला सत्काराचं बोलावणं आलं, दोन शब्द बोलायचे होते. मी आठ दिवस तिच्याकडून पाठ करून घेतलं: मशीन माझी आहे, चोरीला गेली, सही घेतली आणि ठेवून घेतली, आज घरी द्या. भात उपसतानाही तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती नीट म्हणायची.

साहेबांनी भाषणात सांगितलं की विभागानं एका निराधार भगिनीला शिलाई मशीन उपलब्ध करून दिली आणि ती आज स्वतःच्या पायावर उभी आहे. बाबा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, धुतलेला शर्ट घालून. आई माइकपाशी गेली. पदर सारखा केला. म्हणाली, "मले बसाले जागा देली. पंखा देला. मडावी बाई चांगली हाय." आणि खाली बघत उभी राहिली. टाळ्या पडल्या.

मी खुर्चीवर चढले. शब्दशः चढले. "ती मशीन दिलेली नाही! तिची स्वतःची आहे, चोरीची सापडली आहे, वर्षभर यांनी ठेवून घेतली आहे! आणि ती निराधार नाही, हा माझा बाप इथे बसला आहे!" बाबा उभे राहिले. बिचाऱ्यांनी पाहुण्यांना हात जोडून नमस्कारही केला, ओळख करून दिली असं वाटून. पाहुण्यांनी साहेबांकडे वळून विचारलं, "काय प्रकरण आहे?" साहेबांनी हसू तोंडावर तसंच ठेवलं आणि म्हणाले, "सर, आजच घरी पोहोचवायची व्यवस्था केली आहे. तोच तर समारोप आहे."

तासाभरात पोलिसांच्या गाडीतून मशीन आमच्या दारात आली. चार शिपायांनी ती तिच्या चार खळग्यांवर ठेवली. कोर्टाचा ऑर्डर? कोणी नाव काढलं नाही. कोणी कागद मागितला नाही, सही घेतली नाही. वर्षभर ज्याला कायदा म्हणून माझ्यापुढे नाचवलं, तो पाहुण्यांच्या एका प्रश्नापुढे टिकला नाही. माझा खरा राग तिथे आहे. नियम असता तर मी तो गिळला असता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी: पोलिसांकडून गरजू महिलेला शिलाई मशीन भेट. दोन वेळा मी त्या पेपरच्या कचेरीत गेले. दुरुस्ती आली नाही. भेट! दोन वर्षं काजं-बटणं करून मिळवलेली मशीन, भेट.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर मशीन बंद, कापड सुईखाली तसंच, आणि आई घरात नाही. इंदूमावशी म्हणाली, "ठाण्यात गेली नं." माझं डोकं फिरलं. मी तशीच निघाले. ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात, मशीन जिथे असायची त्या रिकाम्या जागी आई खाली बसली होती. समोर एक बाई, ओठ सुजलेला. आईच्या हातात साधी सुई-दोरा होता आणि ती बाईच्या पोलक्याची उसवलेली बाही हातानं शिवत होती. बाईनं दुसरं टोक धरलं होतं आणि ती बोलत होती.

"आई, चल," मी म्हणाले. "मशीन घरी आली. इथे आता काय आहे तुझं?"

आईनं मान वर केली नाही. "आज सोमवार हाय. याह्यचा दिवस." मग दोरा दातानं तोडत म्हणाली, "तू जा घरी. इथं जोरानं बोलू नोको, ते बोलून राहिली."

पुढची आठ वर्षं, खोकला वाढून तिला चालवेनासं होईपर्यंत, ती दर सोमवारी तिथे जात राहिली. तितकी वर्षं त्या ठाण्याचे पोलीस सप्ताह झाले, उपक्रमांचे फलक लागले, सत्कार झाले. तिचं नाव पुन्हा कधी आलं नाही. तिला ते नकोच होतं. मला हवं होतं.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. पुढच्या दालनात बिसेन हवालदार भेट देणाऱ्या महिलांचं रजिस्टर भरत होते. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. "ही आत जी बाई बसली आहे ना, तिचं नाव लिहा. काम करते ती इथे. वर्षभर करत होती. लिहा."

त्यांनी वाद घातला नाही. पेनचं टोपण काढलं, रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि बोट रेघांवरून फिरवलं: तक्रारदार, गैरअर्जदार, साक्षीदार, समुपदेशक. खरोखर लिहायला तयार असलेल्या माणसासारखं त्यांनी मला विचारलं, "कौन से कॉलम में लिखूं, बेटा?"

या वेळी मी रकाना न् रकाना वाचला. आतून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता.